प्लॅस्टिकचं अंतराळयान जोडताना आणि बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावचा. प्लॅस्टिकच्या किटमधून अंतराळयानं जोडायची सवय शाळेत असताना लागली, ती सुटली नाही. चोपडा, शिरपूर, भुसावळ, शहादा इथून मुलं आणि त्यांचे आईवडील मला बहुतेक तेच प्रश्न विचारतात. त्यांचं बरोबरच आहे. किटसोबत येणारा कागद दुसऱ्या देशाची हवा, तिथलं पाणी आणि तिथली दुकानं धरून लिहिलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, बोअरचं पाणी क्षाराचं असतं आणि मॉडेलचं दुकान जिल्ह्यात शोधूनही सापडत नाही. म्हणून ही उत्तरं इथल्या टेबलावर बसून लिहिली आहेत.

पहिलं यान कोणतं करावं?

अपोलोचं लूनर मॉड्यूल, म्हणजे माणसांना चंद्रावर उतरवणारं यान, १/४८ मापाचं. मोनोग्राम कंपनीचा जुना साचा आहे, पुढे तो रेव्हेलच्या डब्यातही आला. खरं यान सात मीटर उंच होतं, त्यामुळे मॉडेल साडेचौदा सेंटीमीटरचं होतं आणि अभ्यासाच्या टेबलावर सहज मावतं. विमानाच्या मॉडेलमध्ये लांबच लांब सांधे घासून बुजवावे लागतात. या यानाचं अंगच कोपऱ्याकोपऱ्यांचं, अर्ध्या भागावर फॉइल, त्यामुळे नवशिक्याच्या चुका झाकल्या जातात. शिवाय यात बदल करायला इतका वाव आहे की एकच किट तीनदा आणून तीन वेगळी यानं करता येतात. मी केली आहेत.

सॅटर्न-५ रॉकेटने सुरुवात करू नका. दिसायला सोपं, पण पांढरा रंग, काळे पट्टे आणि लांब नळकांड्यांचे सांधे या तिन्ही गोष्टी नवख्या हाताला जड जातात.

१/४८, १/१४४ हे आकडे काय सांगतात?

खऱ्या यानाचे ४८ सेंटीमीटर म्हणजे मॉडेलवर एक सेंटीमीटर. सॅटर्न-५ ची उंची ११०.६ मीटर होती. १/१४४ मध्ये ते ७६.८ सेंटीमीटर होतं, १/९६ मध्ये ११५ सेंटीमीटर, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या पोराएवढं. किट मागवण्याआधी हा भागाकार करा आणि कपाटाचा कप्पा मोजा.

हत्यारं कुठून आणायची?

इथे आपण नशीबवान आहोत. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते उगीच नाही, आणि सोनाराची हत्यारं हीच मॉडेल करणाऱ्याची हत्यारं आहेत. सराफ बाजाराच्या आसपास सोनारकामाचं सामान मिळतं तिथे बारीक कानशींचा संच, टोकदार चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग, हाताने फिरवायचं बारीक ड्रिल आणि अर्ध्या मिलिमीटरचे बिट मिळतात. मॉडेलच्या नावाने विकलेल्या संचापेक्षा या कानशी जास्त टिकतात.

सुरी मेडिकलच्या दुकानातून घ्या: तीन नंबरची मूठ आणि अकरा नंबरचं सर्जिकल ब्लेड. ब्लेड बोथट झालं की जोर लावू नका, बदला. बोटं कापतात ती बोथट ब्लेडनेच. वॉटर पेपर हार्डवेअरमध्ये मिळतो. ४००, ८०० आणि १२०० नंबरचा प्रत्येकी एक ताव वर्षभर पुरतो. किटचे भाग प्लॅस्टिकच्या ज्या चौकटीला जोडलेले येतात, त्या सांगाड्यातून ते तोडायला इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा छोटा साइड कटर घ्या. भाग पिळून तोडू नका, अगदी नखाएवढा असला तरी.

घरात ठिबकच्या पाइपचं सोल्यूशन आहे. त्याने जोडलं तर चालेल का?

हा प्रश्न फक्त खान्देशातच इतक्या वेळा येत असेल. केळीच्या बागा असलेल्या घरात तो डबा असतोच.

चालणार नाही. किटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. पाइपचं सोल्यूशन पीव्हीसी विरघळवण्यासाठी बनवलेलं असतं, आणि त्यातला द्राव पॉलिस्टायरीनला त्याहून वाईट खातो. जाड भिंत असेल तर पृष्ठभाग पांढरट, खडबडीत होतो. पाय किंवा अँटेना असेल तर डोळ्यांदेखत वाकून पडते. नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनचंही तेच.

मॉडेलचं पातळ सिमेंट मागवा. ते ब्रशच्या टोकाने सांध्यावर लावलं की केशाकर्षणाने स्वतःच आत ओढलं जातं. दोन्ही कडा किंचित विरघळून एक होतात. हे चिकटवणं नसून वितळवून एकजीव करणं आहे, म्हणून सांध्यावर रंग असेल तर तो आधी खरवडून काढावा लागतो. पाइपचं सोल्यूशन मात्र फेकू नका. खाली मोठ्या रॉकेटच्या प्रश्नात त्याचं काम आहे.

फेविक्विकसारखा झटपट गोंद?

धातूची तार, फॉइलची कड, रेझिनचा भाग इथे तोच लागतो. खिडकीच्या पारदर्शक भागाजवळ मात्र नको, कारण त्याची वाफ काचेवर पांढरा थर सोडते. तिथे पातळ केलेला फेविकॉल लावा. वाळल्यावर तो दिसत नाही.

एक उपयोगी गोष्ट: या गोंदावर चिमूटभर खायचा सोडा टाकला तर तो तत्क्षणी दगडासारखा घट्ट होतो. फटी भरायला उत्तम. पण लगेच घासून घ्या, दुसऱ्या दिवशी तो आजूबाजूच्या प्लॅस्टिकपेक्षा कडक झालेला असतो आणि कानस त्याला सोडून प्लॅस्टिकच खाते.

सांधा बुजत नाही. कोणती पुटी वापरू?

गाड्यांना रंग देणाऱ्यांकडची एनसी पुटी. पातळ थर, एक रात्र थांबणं, पाणी लावून घासणं, परत पातळ थर. एकदम जाड भरली तर तिच्यातलं थिनर खालचं प्लॅस्टिक मऊ करतं आणि आठवड्याने तिथे खड्डा पडतो. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: त्याच किटच्या सांगाड्याचे तुकडे थोड्या पातळ सिमेंटमध्ये दोन दिवस भिजवा. त्याची लापशी होते, आणि तिने भरलेला सांधा हा मूळ प्लॅस्टिकचाच राहतो.

किट डब्यात दिलंय तसं जोडलं तर काय बिघडतं? बदल करायचाच कशाला?

काहीच बिघडत नाही. पहिलं किट तसंच जोडा.

पण दुसऱ्या किटपासून स्वतःला एक प्रश्न विचारा: हे कोणतं यान आहे आणि कोणत्या दिवसाचं? डब्यातलं यान बहुतेक वेळा कोणत्याच दिवसाचं नसतं. साचा करणाऱ्याने एखाद्या आराखड्यावरून, प्रदर्शनातल्या नमुन्यावरून, कधी उड्डाणाआधीच्या छायाचित्रांवरून तो बनवलेला असतो. खरी यानं मात्र एकाच कारखान्यातून आलेली जुळी भावंडंसुद्धा एकसारखी नव्हती. दर मोहिमेनंतर अभियंते काहीतरी काढत, काहीतरी वाढवत. तो फरक शोधणं आणि तुमच्या हातातल्या प्लॅस्टिकवर उतरवणं, हाच या छंदाचा गाभा आहे असं मी मनापासून मानतो. लोक मला ‘बदल’ म्हणजे दिवे बसवणं, तोफा लावणं असं समजून विचारतात. ज्याला ते करायचंय त्याने करावं. मी इथे ज्याला बदल म्हणतोय तो खऱ्या यानाच्या जवळ जाण्याचा आहे.

पुढचे चार-पाच प्रश्न याच गोष्टीचे आहेत.

लूनर मॉड्यूल अपोलो ११ चं करायचं तर काय बदलावं लागेल?

आधी पाय. चारही पायांच्या तळव्यांखाली जमिनीला स्पर्श झाल्याचं सांगणाऱ्या लांब काड्या बसवायची योजना होती. प्रत्येक काडी सुमारे १.७ मीटरची. शिडी असलेल्या पुढच्या पायाची काडी अपोलो ११ पासून काढून टाकली, कारण उतरल्यावर ती वाकून वर आली असती आणि अंतराळवीर शिडीवरून उतरतो नेमका तिथेच. म्हणजे काड्या तीन. तुमच्या किटमध्ये चार आल्या असतील तर एक वगळा. त्याही किटमधल्या वापरू नका, फार जाड असतात. ०.३ मिलिमीटरची पितळी तार साडेतीन सेंटीमीटर कापा. यान उतरलेलं दाखवायचं असेल तर त्या तारा वाकवून जमिनीवर आडव्या पाडा. सरळ उभ्या तारांवर उभं राहिलेलं यान चंद्रावर कधीच नव्हतं.

मग इंजिनाचा नॉझल. किटमध्ये त्याची कड प्लॅस्टिकच्या जाडीची असते. आतून कानशीने घासत कड कागदासारखी करा. दहा मिनिटांचं काम आहे आणि सगळं मॉडेल खरं वाटायला लागतं.

अपोलो १५, १६ किंवा १७ चं करायचं असेल तर ते काम मोठं. त्या मोहिमांमध्ये चांद्रगाडी नेली होती, ती उतरणाऱ्या भागाच्या एका कोनाड्यात घडी घालून ठेवलेली असे, आणि इंजिनाचा नॉझलही लांबवला होता. कोनाडा स्वतः बांधावा लागतो. हे तिसऱ्या-चौथ्या मॉडेलसाठी ठेवा.

सोनेरी फॉइल कशी बसवू? रंग दिला तर पिवळा दिसतो.

रंगाने जमत नाही, कारण तो सोनेरी रंगच नाही. यानावर कॅप्टॉन (Kapton) नावाच्या प्लॅस्टिकचे, पॉलिइमाइडचे, पातळ पापुद्रे असतात. कॅप्टॉन स्वतः पारदर्शक, काकवीसारखा तांबूस पिवळा. त्याच्या मागच्या बाजूला ॲल्युमिनियमचा मुलामा. उजेड काकवीतून आत जातो, चांदीवर आपटतो आणि परत काकवीतून बाहेर येतो. म्हणून ते सोन्यासारखं दिसतं, पण सोन्यापेक्षा लालसर आणि जास्त खोल. हे समजलं की कृती आपोआप सुचते: चांदीसारखी फॉइल खाली, पारदर्शक तांबूस-पिवळा थर वर.

चॉकलेटची चंदेरी फॉइल घ्या. मुठीत हलकी चुरगाळा, मग बोटाने परत सपाट करा, सुरकुत्या राहू द्या. भाग झाकेल एवढा तुकडा कापून पाणी घातलेल्या फेविकॉलने बसवा आणि सुती बोळ्याने कोपऱ्यात दाबा. त्यावर पारदर्शक नारिंगी आणि पिवळ्याचं मिश्रण पातळ हाताने. एकच चूक सगळे करतात: फार चुरगाळतात. १/४८ मध्ये मोठी सुरकुती म्हणजे खऱ्या यानावर हातभर खोल घडी होईल.

मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे तपकिरी, उष्णता सोसणारी टेप असते. ती खरीखुरी कॅप्टॉन टेप आहे. ॲल्युमिनियम फॉइलवर ती चिकटवली की जे यानावर आहे तेच तुमच्या हातात येतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दुकानातच ती टेप उजेडात धरून कितीतरी वेळ पाहत उभा होतो. मात्र लहान मापात टेप जाड पडते, सुरकुत्या येत नाहीत. १/२४ किंवा त्याहून मोठं मॉडेल असेल तरच ती वापरा.

मिठाईवरचा चांदीचा वर्ख वापरावा का, असंही विचारतात. बसतो छान, वॉर्निश ओलसर असताना फुंकरीने सोडायचा. पण चांदी ती चांदीच, काळी पडते. ॲल्युमिनियम काळं पडत नाही.

अपोलोचं कमांड मॉड्यूल पांढरं की चंदेरी?

दोन्ही बरोबर आहे, प्रश्न क्षणाचा आहे. कमांड मॉड्यूल म्हणजे अंतराळवीर बसतात तो शंकू. रॉकेट तळावर उभं असताना त्यावर पांढरं संरक्षक कवच होतं. वर जाताना सुटकेच्या मनोऱ्याबरोबर (संकटात शंकू ओढून दूर नेणारं टोकावरचं छोटं रॉकेट) ते कवच निघून जाई आणि खालचं खरं अंग दिसे: ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या फिल्मच्या पट्ट्या, आरशासारख्या लखलखीत. परत येताना त्या जळत, म्हणून समुद्रातून काढलेला शंकू तपकिरी आणि डागाळलेला.

म्हणजे सॅटर्न-५ वर बसवायचं तर पांढरं. चंद्राकडे निघालेलं, लूनर मॉड्यूलला जोडलेलं असेल तर चंदेरी. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या चकचकीत बाजूच्या अरुंद पट्ट्या कापून लावा. चंद्राकडे निघालेलं पांढरं कमांड मॉड्यूल अनेक प्रदर्शनांत दिसतं. एकदा कवचाची गोष्ट कळली की ते पुन्हा पांढरं करवत नाही.

सॅटर्न-५ चे काळे पट्टे कागदावर दाखवलेत तसे देऊ ना?

थांबा. बऱ्याच जुन्या किटमध्ये दाखवलेले पट्टे ५००-एफ या रॉकेटचे आहेत. ते १९६६ साली केनेडी अंतराळ केंद्रात तळाची यंत्रणा जुळते का हे पाहण्यासाठी उभं केलेलं रॉकेट होतं. ते कधी उडालंच नाही. उडालेल्या रॉकेटांवर पहिल्या टप्प्याच्या काळ्या पट्ट्यांची मांडणी वेगळी होती. तुम्हाला अपोलो ११ हवं असेल तर त्याच मोहिमेचं छायाचित्र समोर ठेवा आणि कागद बाजूला सारा.

माझ्या मुलीला कल्पना चावलांचं यान करायचं आहे. कोणतं किट?

१/१४४ मापाचं स्पेस शटल घ्या. यान २६ सेंटीमीटरच्या आतबाहेर होतं. आणि मुलीला विचारा: त्यांचं पहिलं उड्डाण की दुसरं?

दोन्ही वेळा यान कोलंबियाच होतं. म्हणून दोन्हींसाठी काही गोष्टी समान. कोलंबियाच्या पंखांच्या पुढच्या निमुळत्या भागाचा वरचा पृष्ठभाग काळा होता, बाकीच्या शटलवर तो पांढरा. शेपटीच्या टोकावर एक लांबट फुगवटा होता, त्यात पंखाचं तापमान टिपणारा कॅमेरा बसवायची सोय होती. किटमध्ये फुगवटा नसेल तर सांगाड्याचा तुकडा गोल घासून बसवा. बाहेरची मोठी टाकी रंग न दिलेली, नारिंगी-तपकिरी. पांढरी टाकी फक्त १९८१ च्या पहिल्या दोन उड्डाणांना होती. पुढे रंगाचं सुमारे २७० किलो वजन वाचवायला तो देणंच थांबवलं.

आता फरक. पहिलं उड्डाण, नोव्हेंबर १९९७ चं एसटीएस-८७ (हा शटलच्या मोहिमेचा क्रमांक): मालाच्या कप्प्यात यांत्रिक हात हवा, आणि स्पार्टन उपग्रह. तो उपग्रह सोडताना हात चालवणाऱ्या कल्पना चावलाच होत्या. पंखावर नासाची जुनी नागमोडी अक्षरं. दुसरं, जानेवारी २००३ चं एसटीएस-१०७: यांत्रिक हात नाही. किटमधला हात वगळा. त्याऐवजी कप्प्यात स्पेसहॅबची दुहेरी प्रयोगशाळा आणि तिच्याकडे जाणारा बोगदा हवा, आणि पंखावर निळं गोल बोधचिन्ह. प्रयोगशाळा जाड कागदाची किंवा प्लॅस्टिकच्या शीटची करता येते.

माझ्याकडे एसटीएस-१०७ आहे. कप्प्याची दारं मी उघडी ठेवली आहेत. १६ दिवस ती माणसं वर काम करत होती, ते काम दिसावं म्हणून.

उन्हाळ्यात फवाऱ्याचा रंग खडबडीत, पीठ शिंपडल्यासारखा बसतो. का?

कारण थेंब मॉडेलपर्यंत पोहोचायच्या आधीच हवेत वाळतो. एप्रिल-मे मध्ये आपली हवा तापलेली आणि कोरडी असते. पहाटे पाच ते सात या वेळात रंगवा. ॲक्रेलिक रंग नेहमीपेक्षा जास्त पातळ करा, वाळण्याचा वेग कमी करणारं रिटार्डर दोन थेंब घाला आणि एअरब्रश जवळ धरा. कूलर बंद. तो खोलीत थोडा ओलावा आणतो खरा, पण त्याबरोबर वाळ्याचे किंवा गवताचे तुकडे आणि धूळही आणतो. रंगवण्याच्या अर्धा तास आधी फरशी ओल्या फडक्याने पुसली तर धूळ बसते.

भाग रंगवण्याआधी भांड्यांच्या साबणाने धुवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेल त्यावर असतं आणि रंग तिथूनच सुटतो.

आणि पावसाळ्यात?

लॅकर रंग दुधाळ पडतो, ओलाव्यामुळे. उघडीप मिळाली की रंगवा. तोवर घासकाम करा.

डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) लावल्यावर भोवती पांढरी कडा का दिसते?

दोन वेगळी कारणं आहेत आणि लोक ती एकच समजतात.

पांढरे गोल डाग वाळल्यावर उरत असतील तर ते पाण्यातले क्षार आहेत. ज्या बोअरच्या पाण्याने कूलरची जाळी पांढरी होते, त्यात डेकल भिजवू नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा. एक बाटली दोन वर्षं जाते.

डेकलच्या खाली चंदेरी झाक दिसत असेल तर आत हवा अडकली आहे. मॅट रंगाचा पृष्ठभाग खरखरीत असतो, त्याच्या खळग्यांत ती हवा राहते. आधी चकचकीत वॉर्निश, मग डेकल, मग शेवटी हवं तर मॅट वॉर्निश. डेकल उंचसखल भागावर बसत नसेल तर पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर ब्रशने लावा, तो मऊ पडतो.

जुन्या किटमधले पिवळे पडलेले डेकल फेकू नका. ते खिडकीच्या काचेला आतून चिकटपट्टीने लावा, चित्राची बाजू उन्हाकडे. परदेशात याला आठवडे लागतात म्हणे, माझ्याकडे एप्रिलमध्ये आठ दिवसांत कागद पांढरा झाला होता.

तिरंगा घरी छापायचा असेल तर लक्षात ठेवा, साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीच्या डेकल-कागदावर छापा किंवा खाली पांढरा रंग द्या.

चांद्रयान-३ चं विक्रम लँडर स्वतः बनवता येईल का?

येईल, आणि बनवावं. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी आपण सगळे टीव्हीसमोर होतो. ते यान आपल्या हाताने बांधण्याचा आनंद कुठल्याही विकतच्या किटमध्ये नाही.

इस्रोने दिलेली मापं आहेत: लँडर २०० × २०० × ११६.६ सेंटीमीटर, प्रज्ञान रोव्हर ९१.७ × ७५ × ३९.७ सेंटीमीटर. १/२४ माप धरा. लँडर ८.३ सेंटीमीटर चौरस आणि ४.९ उंच, रोव्हर ३.८ लांब आणि ३.१ रुंद. हे माप अशासाठी की बाजारात त्या मापाच्या गाड्यांची किट भरपूर मिळतात आणि त्यांचे उरलेले नळ्या-नट-टाक्या इथे कामी येतात.

प्लॅस्टिकची शीट मागवावी लागेल, पण घरातही पॉलिस्टायरीन असतं. टाकाऊ डब्याच्या तळाशी त्रिकोणातला आकडा पाहा. ६ असेल तर ते पॉलिस्टायरीन, सिमेंटने जुळतं. ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, त्याला काहीच चिकटत नाही.

इंजिनं मोजून बसवा. चांद्रयान-२ च्या लँडरला पाच होती, चार कोपऱ्यांना आणि एक मध्ये. चांद्रयान-३ ला चारच, मधलं काढून टाकलं. पाय जास्त मजबूत केले. म्हणून खाली मध्यभागी पाचवं नॉझल लावलंत तर ते २०१९ चं यान होईल. बारीक अँटेनांसाठी सांगाड्याची काडी मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकवता, फिरवत गरम करा. मध्ये चमक आली की ज्योतीपासून दूर घ्या आणि दोन्ही टोकं सावकाश ओढा. केसासारखा धागा निघतो. पहिल्या पाच काड्या वाया जातील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

इस्रोचं मोठं एलव्हीएम-३ रॉकेट करायचंय. कशाचं करू?

आता तो पाइप आणि सोल्यूशनचा डबा काढा. बाजूच्या एस-२०० बूस्टरचा व्यास ३.२ मीटर, मधल्या गाभ्याचा ४ मीटर, वरच्या आवरणाचा ५ मीटर, एकूण उंची ४३.५ मीटर. शेतात वापरतो तो ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप बूस्टरसाठी धरला तर माप साधारण १/५१ येतं. मग गाभ्याला ७९ मिलिमीटर हवेत: ७५ चा पाइप घ्या आणि त्यावर २ मिलिमीटर जाडीची शीट गुंडाळा. आवरणासाठी ९० च्या पाइपावर ४ मिलिमीटर. पूर्ण रॉकेट साडेपंच्याऐंशी सेंटीमीटर उभं राहतं.

पाइपावरची छपाई वॉटर पेपरने काढा, नाहीतर पांढऱ्या रंगातून अक्षरं डोकावतात. टोकाचे शंकू जाड कार्डशीटचे करून त्यावर पुटी घासा. वजन खाली हवं, म्हणून बूस्टरच्या तळात वाळू भरून बूच मारा.

चंद्राची जमीन कशी दाखवू?

आपल्या पायाखालचा काळा दगड बेसाल्ट आहे, आणि अपोलो ११ जिथे उतरलं तो शांतिसागरही बेसाल्टचाच. दोन्हीकडे लाव्हा पसरून थिजला, इकडे दख्खनचं पठार झालं, तिकडे काळसर सपाट ‘समुद्र’. म्हणून खडी क्रशरवरची बारीक डस्ट आणा, मलमलच्या फडक्यातून चाळा आणि फेविकॉलच्या पाण्यावर भुरभुरा. १/४८ मध्ये एक मिलिमीटरचा कण म्हणजे खऱ्यातला पाच सेंटीमीटरचा दगड, त्यामुळे चाळणी जितकी बारीक तितकं बरं. खडे थोडेच, तेही विखरून.

विक्रम मात्र दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, उंचवट्याच्या प्रदेशात उतरला. तिथली माती ॲनॉर्थोसाइट या खडकाच्या घराण्यातली, फिकट. तिच्यासाठी दीपनगरच्या वीजकेंद्रातली राख, जी विटांच्या भट्ट्यांवर मिळते, अगदी योग्य रंगाची आहे. मी माझ्या विक्रमखाली तीच पसरली. आई जवळ येऊन म्हणाली, “हाई काय शे?” मी म्हणालो, चंद्र. तिने बोटाने चिमूटभर उचलून पाहिली.

राख आणि डस्ट दोन्हींचं काम नाकातोंडाला मास्क लावून करा. हे कण फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत.

मॉडेलचे पाय उन्हाळ्यात फाकले. आता?

माझंही झालं होतं. पत्र्याच्या खोलीतल्या माळ्यावर मे महिनाभर लूनर मॉड्यूल ठेवलं आणि जूनमध्ये काढलं तेव्हा ते पोटावर बसलं होतं. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ होतं, पण पातळ भागावर सतत वजन असेल तर त्याच्या बरंच आधी तो हळूहळू वाकतो. बंद गाडीत तर एक दुपार पुरते.

सुटा करता येणारा पाय असेल तर नुकत्याच उकळून उतरवलेल्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद धरा, हवा तसा वाकवा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. रंग पुन्हा द्यावा लागेल. पुढच्या मॉडेलमध्ये पायाच्या आत पितळी तार घाला.

कोणत्या वयाची मुलं हे करू शकतात?

दहा वर्षांपुढची, मोठं माणूस शेजारी असेल तर. ब्लेड, सिमेंट आणि फवारा ही तीन कामं बारा-तेरा वर्षांपर्यंत तुम्हीच करा. सिमेंट उघडताना खिडकी उघडी, पंखा बाहेर हवा टाकेल असा, आणि जवळ दिवा किंवा उदबत्ती नको.

तयार झालेलं मॉडेल कुठे ठेवावं?

पश्चिमेच्या भिंतीवर नको, ती रात्री दहापर्यंत तापलेली असते. घरातली सगळ्यात थंड आतली भिंत निवडा आणि काचेचं झाकण करून घ्या. फर्निचरवाल्याला माप देताना चारही बाजूंनी दोन बोटं जास्त सांगा, म्हणजे अँटेना वाचतात. धूळ पुसायला फडकं नाही, मेकअपचा मऊ ब्रश. आणि तळाच्या पट्टीवर यानाचं नाव, मोहीम आणि तारीख लिहा.